गंजावर पीएचडी करू का?

«ताई, मी यावल तालुक्यातली. आबांची साडेचार एकर केळी आहे. जळगावला विद्यापीठात एमएस्सी केमिस्ट्री केलं, दुसऱ्या खेपेला नेट-जेआरएफ निघालं. ज्या सरांकडे पीएचडीला जायचं म्हणते त्यांनी विषय सुचवलाय : केळीच्या सालीचा अर्क वापरून हायड्रोक्लोरिक आम्लात लोखंडाचं गंजणं रोखायचं. घरी सांगितलं तर काका म्हणाले, "गंज? त्याले तं भंगारवाला बी इचारत नाही व माय!" एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये महिना अठरा हजारांची नोकरी हाताशी आहे. माय म्हणते, पाच वर्षांनी तिशीला टेकशील, मग कोण विचारणार? तुम्ही आयुष्यभर हेच काम केलंत. खरं सांगा, यात आयुष्य घालवण्यासारखं काही आहे का?»
(केळीच्या पट्ट्यातली एक मुलगी)

पोरी,

पैशाचं आधी संपवून टाकू, कारण त्यात फार बोलण्यासारखं नाही. जेआरएफची, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीची, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे तिचा वरचा टप्पा, एसआरएफ, मिळाला की ४२,०००, आणि हॉस्टेल मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. कंपनीच्या अठरा हजारांच्या हे दुपटीहून जास्त आहे. काकांना हे तोंडी सांगू नकोस, कागदावर मांडून दाखव. मात्र ही रक्कम दर एक तारखेला खात्यात पडेल असं धरून चालू नकोस. चार-चार महिने अडकते आणि मग एकदम येते, तेवढी तजवीज गाठीशी ठेव. आणि पाच वर्षांनी ती थांबते, हेही घरात आजच सांगून टाक.

मायच्या काळजीला उडवून लावू नकोस. तिला नियम सांग. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. बाईमाणसाला त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि बाळंतपण किंवा मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. माझ्या दोन विद्यार्थिनींची लग्नं पीएचडी चालू असतानाच झाली. एकीनं सासरी आधीच सगळं स्पष्ट सांगितलं होतं, तिचं नीट पार पडलं. दुसरीनं 'नंतर सांगू' म्हणून ठेवलं आणि तिचे फार हाल झाले. पाहुणे बघायला येतील त्या दिवशीच बोल.

आता मुख्य गोष्ट. हे काम दिसतं कसं, ते सांगते.

सकाळी तू लोखंडाचा नाण्याएवढा तुकडा हातात घेशील आणि एमरी पेपरवर घासायला बसशील. आधी २२० नंबरचा कागद, मग ४००, ६००, ८००, १२००. प्रत्येक कागदाला तुकडा काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे पुरते गेले की नाही ते दिसतं. शेवटी तो आरशासारखा होतो. मग ॲसिटोननं धुवायचा, वाळवायचा, आणि ग्रॅमच्या चौथ्या दशांशापर्यंत वजन करायचं. बोट लावायचं नाही. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना घामेजलं बोट एकदा चुकून लागलं, की दुसऱ्या दिवशी त्या आरशावर बोटाचा ठसा तांबूस उमटलेला असतो, रेघान् रेघ मोजता येईल असा. घामातलं मीठ तेवढ्यात आपलं काम करून जातं. मला या विषयाची गोडी लागली ती अशा एका ठशानं. १९८४ साली, जळगावला विद्यापीठ व्हायच्या आधी, खान्देशातली सगळी कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती तेव्हा. पुढचा सबंध दिवस मी तो तुकडा पुन्हा घासला, पण ठसा डोळ्यांपुढून गेला नाही.

दुपारी तो तुकडा काचेच्या भांड्यात द्रावणात सोडायचा. शेजारी प्लॅटिनमची तार आणि कॅलोमेल इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं तो. पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे व्होल्टेज राखून प्रवाह मोजणारं यंत्र, चालू केलं की लगेच काही मोजायचं नसतं. व्होल्टेज स्थिर व्हायची वाट बघायची, कधी अर्धा तास, कधी तास. मिलिव्होल्टचा आकडा हळूहळू सरकत असतो आणि तू वहीत दर पाच मिनिटांनी लिहीत असतेस. चाळिसाव्या मिनिटाला लाइट जाते. पुन्हा एमरी पेपर, पुन्हा २२० नंबर. हे ज्याला सोसत नाही त्यानं या वाटेला येऊ नये, आणि सोसत नाही म्हणून तो माणूस कमी हुशार ठरत नाही.

या कंटाळवाण्या बसण्यातून काय मिळतं? फॅराडेनं १८३० च्या दशकात मांडलेला नियम तू बारावीत पाठ केलास. तोच लावला तर कळतं, की लोखंडाच्या एका चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, एवढा गंजण्याचा प्रवाह असेल तर ते लोखंड वर्षाला ०.०११६ मिलिमीटर झिजणार. दोन तासांच्या मोजणीवरून दीपनगरच्या वीज केंद्रातल्या एखाद्या पाइपच्या पुढच्या वीस वर्षांबद्दल बोलता येतं. मला हे अजूनही अद्भुत वाटतं.

पण सगळं गंजणं असं सरळ, सगळीकडे सारखं चालत नाही. खरी भानगड तिथे सुरू होते.

नव्वदच्या दशकात रावेरकडचे एक शेतकरी गोणपाटात गुंडाळलेला दीड हात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप घेऊन आमच्या विभागात आले होते. बोअरचा पाइप आट्यांपाशी तुटला होता आणि खालची नळी मोटारीसकट बोअरमध्ये पडली होती. "दुकानदार म्हणतो पाण्याचा दोष, पाणी तपासणारा म्हणतो पाइपाचा. तुम्ही सांगा." मी तो पाइप उभा चिरला. बाहेरून जस्ताचा करडा थर बराचसा शाबूत. आट्यांवर मात्र जस्त नावालाही नाही, कारण आटे पाडताना डाय ते कापूनच टाकते आणि खालचं लोखंड उघडं पडतं. जवळपासचं जस्त स्वतः झिजून त्याला काही काळ सांभाळतं, ते संपलं की लोखंडाची पाळी. आतल्या बाजूला बोराएवढ्या गाठी. एक गाठ चाकूनं फोडली. वर पिवळट कवच, खाली काळा चिखल. त्या चिखलावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडला आणि सबंध खोलीत सडक्या अंड्यांचा वास पसरला. काळा चिखल म्हणजे आयर्न सल्फाइड, आणि ते तयार करणारे जिवाणू गाठीखाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, पाण्यातल्या सल्फेटवर जगत होते. म्हणजे दुकानदाराचंही अर्धं खरं आणि पाणी तपासणाऱ्याचंही अर्धं खरं. त्या गृहस्थांनी तो वास घेतला, गाठीतला खड्डा बोटानं चाचपला आणि म्हणाले, "हे जमिनीत चाललं होतं व्हय?"

त्यांची पडलेली मोटार काही मी वर काढू शकले नाही. पुढच्या पाइपाच्या आट्यांना जस्ताचं पेंट लावायला आणि बोअरमध्ये क्लोरिन सोडायला सांगितलं. आता यूपीव्हीसीचे, म्हणजे कडक प्लॅस्टिकचे, कॉलम पाइप आले आणि तो प्रश्न पुष्कळ मिटला. पण त्या दिवसानंतर मी कोणत्याही विद्यार्थ्याला आधी खरोखरचा खाल्लेला तुकडा दाखवल्याशिवाय विषय दिला नाही.

तुला मी जे सांगणार आहे ते इथूनच निघतं. पीएचडी कर, पण सालीच्या अर्काचा विषय आहे तसा घेऊ नकोस.

सरांवर टीका करत नाही. या विषयाला मागणी आहे, आणि आम्लात धुताना लोखंड वाचवायला इन्हिबिटर, म्हणजे गंज रोखणारं द्रव्य, कारखान्यात खरोखर वापरतात. अडचण अशी, की या पद्धतीचं काम आता साच्यातून काढल्यासारखं होतं. एक पान, साल किंवा बी घ्यायचं, उकळायचं, एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात लोखंड बुडवायचं, वजनातली घट मोजायची, 'नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षमता' लिहायची आणि पेपर पाठवायचा. मी अशा पुष्कळ प्रबंधांची परीक्षक होते. तोंडी परीक्षेत विचारायचे, हे आम्ल जगात नेमकं कुठे आहे? अर्क किती दिवस टिकतो? सालीतला कोणता पदार्थ लोखंडाला चिकटतो? पुढच्या मोसमातल्या सालीनं हाच आकडा येईल का? मुलं खाली बघायची. हुशार मुलं होती ती. त्यांना हे प्रश्न सुरुवातीलाच कोणी विचारले नव्हते.

आणि तुझा विषय तर तुझ्या बांधावर पडलाय. आबा ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायला आम्ल सोडतच असतील. पाण्याचा सामू (पीएच) चारच्या आसपास आणून नळ्या धुतात ना, तेच. लॅबमधल्या एक मोलर आम्लाचा सामू शून्याच्या जवळ. शून्य आणि चार यांत हायड्रोजन आयनांच्या हिशेबानं दहा हजार पटींचा फरक आहे, एकीकडचा निष्कर्ष दुसरीकडे तसाच लागू होत नाही. शिवाय केळीला पोटॅश किती लागतं ते तुला मी सांगायला नको. पांढरा पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्याच्या वजनात निम्म्याच्या जरा खाली क्लोराइडच असतं, आणि तेही पाण्यात खत ओढून घेणाऱ्या त्याच व्हेंचुरीतून, त्याच फिल्टरमधून जातं. लोखंडाला खड्डे पाडण्यात क्लोराइडचा हात धरणारं कोणी नाही. सँड फिल्टरच्या टाकीचं आतलं पेंट जिथे उडालंय तिथे, जीआयच्या मुख्य पाइपला, हेडरला, जिथे पितळेचा व्हॉल्व्ह जोडलाय त्या सांध्यापाशी, एकदा बघ. खान्देशची हवा कोरडी, उघड्यावरचं लोखंड इथे कोकणापेक्षा पुष्कळ टिकतं. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग धरतो आणि आपल्याकडे ते पावसाळ्यापुरतं. म्हणून लोकांना वाटतं आपल्याकडे गंज नाही. आपल्याकडचा गंज पाण्यात आणि जमिनीखाली आहे.

सरांना विनंती कर : सालीचा अर्कच ठेवू, पण आम्ल शेतातलं घेऊ, पाणी बोअरचं घेऊ, आणि धातू फिल्टरमधला. वनस्पतीच्या अर्काला इथे एक खरं कारण आहे, कारण ते पाणी शेवटी मातीतच जाणार, तिथे विषारी इन्हिबिटर चालत नाही. कदाचित तुला असंही आढळेल, की अर्कातल्या साखरेमुळे ड्रिपरमध्ये चिकटा वाढतो आणि सगळी कल्पनाच मोडीत निघते. तसं आढळलं तर तेच छाप. 'चाललं नाही' हे नीट मोजून सांगणारा प्रबंध मला शंभर गुणांचा वाटतो.

तू विचारलंस, यात आयुष्य घालवण्यासारखं आहे का. दोन माणसांबद्दल सांगते.

आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, त्यावर लोक वाट्टेल ते बोलायचे. बालसुब्रमण्यम यांनी त्याच्या गंजाचाच बारीक अभ्यास केला. जुन्या भट्टीतल्या लोखंडात फॉस्फरस आजच्या पोलादापेक्षा पुष्कळ जास्त, आणि त्यामुळे पृष्ठभागावर हळूहळू एक पातळ, घट्ट थर बसत जातो, तोच आतल्या लोखंडाला राखतो, हे त्यांनी मांडलं. धारचा लोहस्तंभही त्यांनी अभ्यासला. धुळ्याहून आग्रा रोडनं सेंधव्याचा घाट चढून माळव्यात गेलं की धार लागतं. तिथे लाट मशिदीपाशी तो तीन तुकडे होऊन पडलाय, सगळे मिळून तेरा मीटरच्या आसपास भरतात. आबांना घेऊन एकदा जाऊन ये. बालसुब्रमण्यम २००९ मध्ये गेले, वय जेमतेम अठ्ठेचाळीस.

दुसरे अमेरिकेतले, व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्‌स. त्यांचा विषय घरातल्या नळांचं गंजणं. फ्लिंट नावाच्या गावानं २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवायला पिण्याचं पाणी बदललं, नदीचं घेतलं, आणि त्यात नळ राखणारं फॉस्फेट घातलं नाही. नव्या पाण्यानं जुन्या नळांतला संरक्षक थर खरवडला आणि शिसं पाण्यात उतरू लागलं. ऑक्टोबरात तिथल्या मोटार कारखान्यानं इंजिनाचे भाग गंजतात म्हणून ते पाणी बंद केलं. माणसांना मात्र तेच पाणी चालू राहिलं, आणि अधिकारी सांगत राहिले की काळजीचं कारण नाही. २०१५ मध्ये एडवर्ड्‌स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नमुने घेण्याचे तीनशे संच गावात वाटले, घराघरांतून पाणी मागवलं, मोजलं आणि आकडे जाहीर केले. ऑक्टोबर २०१५ मध्ये गावाला पुन्हा जुनं पाणी सुरू झालं. त्या विद्यार्थ्यांमध्ये तुझ्याच वयाची पोरं होती, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी.

असा प्रसंग लहान प्रमाणात तुझ्यावरही येईल. माझ्यावर आला. एका कारखान्यानं रसायनाच्या टाकीची तपासणी मागितली होती. मूळ पत्रा सहा मिलिमीटरचा. जाडी मोजायच्या यंत्रानं मी चाळीस ठिकाणी मोजलं. अडतीस ठिकाणी साडेपाचच्या वर. तळाच्या वेल्डिंगजवळ दोन ठिकाणी दोनच्या खाली. तिथले साहेब अतिशय गोड बोलून म्हणाले, मॅडम, सरासरी लिहा ना, पाच-साडेपाच येईल. मी म्हटलं, टाकी सरासरीतून फुटत नाही, त्या दोन ठिकाणांतून फुटेल. चाळीसही आकडे अहवालात गेले. त्या कारखान्यानं मला पुन्हा बोलावलं नाही आणि त्या टाकीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. कितीतरी रात्री ती टाकी डोक्यात होती. या कामात मनाला लागणारं काही असेल तर हे, की आपण सांगून मोकळे होतो, पुढचं आपल्या हातात नसतं.

काकांना एक आकडा दे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानं गंजामुळे जगाला होणारा वार्षिक तोटा अडीच लाख कोटी डॉलर काढला, जगाच्या उत्पन्नाच्या ३.४ टक्के. मायला आकडे नकोत. तिला विचार, पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं तर काय होतं? कळकतं, ती लगेच सांगेल. कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचा तो कळकू नये म्हणूनच. तिला म्हणावं, मी तेच शिकायला जातेय.

पुढच्या पोटापाण्याचं खरं ते सांगते. प्राध्यापकीवर एकटीवर भिस्त ठेवू नकोस. माझे चांगले विद्यार्थी तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबताना मी पाहिलेत आणि मला त्याचा फार त्रास होतो. पण या विषयाला कॉलेजबाहेर वाटा आहेत : औष्णिक वीज केंद्रं, रिफायनऱ्या, तेलवाहिन्या, रंगाचे कारखाने, अणुऊर्जा खातं. पहिल्याच वर्षी कराईकुडीच्या केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्थेला पत्र लिही. अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या तीनशे एकरांवर, १९४८ मध्ये पायाभरणी होऊन ती उभी राहिली. या विषयातलं देशातलं पुष्कळसं ज्ञान तिथे आहे. महिनाभर तिथे काम करायला मिळालं तर सोडू नकोस. आणि आपल्याच विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत पेंट टेक्नॉलॉजी शिकवतात, परवानगी काढून तिथल्या तासांना बस. नोकरी देणारे विचारतात ते रंगाबद्दल, थराबद्दल, गंजण्याचा प्रवाह काढायच्या टॅफेलच्या आलेखाबद्दल फार कमी.

कंपनीला अजून नाही म्हणू नकोस, आठ दिवस मागून घे. या आठ दिवसांत एकच काम कर. आबांच्या शेडमध्ये जुना पाइप, फिल्टरची जाळी, व्हॉल्व्हचा तुकडा, काहीतरी खाल्लेलं नक्की पडलेलं असेल. ते घेऊन सरांकडे जा आणि टेबलावर ठेव. सरांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, पाणी कुठलं, खत कोणतं, किती वर्षं होता असं विचारायला लागले, तर त्याच दिवशी अर्ज भर. त्यांनी तो बाजूला सरकवून सालीच्या विषयाचाच कागद पुढे केला, तर दुसरे गाइड शोध. जेआरएफ तुझं आहे, ते तुझ्याबरोबर येतं.

तुकडा धुऊ नकोस, घासू नकोस, गाठी असतील तर फोडू नकोस. कोरड्या सुती फडक्यात बांधून ने. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते आणि यावलहून जळगावला एसटीनं येईपर्यंत नवा गंज चढतो.